मेहेरबाई टाटा : ल्युकेमियाच्या संशोधनामागचे नाव

जालना जिल्ह्यात एखाद्या घरी कॅन्सर निघाला आणि पेशंटला टाटाला नेले आहे एवढे कळले, की पुढचे विचारावे लागत नाही. परतूर असो की भोकरदन, टाटा म्हणजे परळचे हॉस्पिटल हे सगळ्यांना ठाऊक असते. हे नाव ज्या घराण्याचे, त्या घराण्यातल्या एका बाईचा रक्ताच्या कॅन्सरने झालेला मृत्यू या सगळ्याच्या मुळाशी आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. त्या बाई म्हणजे लेडी मेहेरबाई टाटा. त्यांना जाऊन नव्वदाहून अधिक वर्षे झाली.

मेहेरबाईंचा जन्म 10 ऑक्टोबर 1879 रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील होर्मसजी भाभा हे इंग्लंडमध्ये शिकून आलेले गृहस्थ. पुढे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याच्या मोठ्या पदावर ते होते, त्यामुळे मेहेरबाईंचे बालपण बंगळूर आणि म्हैसूरमध्ये गेले. घरात पुस्तकांचे कपाट भरलेले आणि मुलीला शिकवावे की नाही असा प्रश्न कोणी विचारत नव्हते. बंगळूरच्या बिशप कॉटन शाळेत त्या शिकल्या, नंतर म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातही शिक्षण झाले. पियानो उत्तम वाजवत. घोड्यावर बसत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हिंदुस्थानातल्या किती मुलींच्या वाट्याला असे बालपण आले असेल, याचा हिशेब मांडला तर बोटे पुरतील.

जमशेटजी टाटा म्हैसूरला गेले असताना भाभांच्या घरी त्यांचे जाणे झाले. मुलगी त्यांना पसंत पडली. त्यांचा थोरला मुलगा दोराबजी अडतिशीत पोहोचला होता आणि लग्नाचे नाव घेत नव्हता. जमशेटजींनी त्यालाही म्हैसूरला जायला सांगितले. 14 फेब्रुवारी 1898 रोजी लग्न झाले, तेव्हा मेहेरबाई अठरा वर्षांच्या होत्या. नवरा वीस वर्षांनी मोठा, पण दोघांचे जमले ते खेळामुळे. दोराबजींना क्रीडेचे वेड होते. 1920 साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू गेले, त्यामागे त्यांचाच पैसा आणि पुढाकार होता. मेहेरबाई टेनिस खेळत, तेही साडी नेसून, आणि चांगले खेळत. टेनिसमध्ये त्यांनी साठाहून अधिक बक्षिसे मिळवली. 1924च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीच्या यादीत मोहम्मद सलीम यांच्याबरोबर त्यांचे नाव होते. परदेशात गेल्या तरी साडी सुटली नाही.

त्याच सुमाराची, 1924 सालची एक गोष्ट पोलादाच्या गावात, म्हणजे जालन्यात, मुद्दाम सांगण्यासारखी आहे. दोराबजींनी पत्नीसाठी ज्युबिली नावाचा हिरा घेतला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत 1895 साली सापडलेला, पैलू पाडल्यावर 245 कॅरटचा, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. मेहेरबाई तो प्लॅटिनमच्या साखळीत, खास समारंभांपुरता घालत. पहिल्या महायुद्धानंतर जमशेदपूरच्या टाटा स्टीलचे दिवस वाईट आले. परदेशी पोलाद स्वस्तात येत होते, कारखान्याचा विस्तार अर्धवट होता आणि कामगारांचा पगार द्यायलाही पैसे नाहीत अशी तार आली. दोराबजींनी आपली सगळी खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. सुमारे एक कोटी रुपयांच्या त्या तारणात मेहेरबाईंचे दागिने होते आणि हा हिराही होता. कंपनी वाचली, कर्ज फिटले, हिरा घरी परत आला. पण त्याचा प्रवास तिथे संपला नाही.

मेहेरबाईंचे सार्वजनिक काम बायकांचे प्रश्न घेऊन सुरू झाले. मुंबई प्रेसिडेन्सी विमेन्स कौन्सिलच्या आणि 1925 साली स्थापन झालेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ विमेन इन इंडियाच्या त्या संस्थापकांपैकी होत्या. मुलींचे शिक्षण, पडदा, अस्पृश्यता, बायकांचा मताधिकार या विषयांवर त्या बोलत. 1927 साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक येथे त्यांनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयी भाषण केले आणि बालविवाहाविरुद्धच्या कायद्याची बाजू मांडली. दोन वर्षांनी, 1929 साली, तो कायदा झाला. शारदा कायदा म्हणून तो ओळखला जातो. मुलीचे लग्नाचे वय त्यात चौदा ठरले होते. आज हा आकडा वाचून वाईट वाटते, पण तेव्हा तो मिळवायलाही झगडावे लागले.

1931 साली मेहेरबाई आजारी पडल्या. निदान ल्युकेमियाचे झाले, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. अस्थिमज्जेत, हाडाच्या आतल्या मगजात, रक्ताच्या पेशी तयार होतात. ल्युकेमियात तिथल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागतात आणि कामाच्या पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी कमी पडल्या की थकवा आणि धाप, प्लेटलेट घटल्या की रक्तस्राव, आणि चांगल्या पांढऱ्या पेशी नसल्या की साध्या जंतूनेही माणूस खचतो. त्या काळी डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. प्लीहेवर क्ष-किरण द्यायचे, सोमलाचे द्रावण पाजायचे, रक्त चढवायचे. काही प्रकारांत थोडा आराम पडे, आजार मात्र थांबत नसे. पैसा, ओळखी, युरोपातले दवाखाने, टाटांकडे काय नव्हते? त्याचा उपयोग झाला नाही. 18 जून 1931 रोजी उत्तर वेल्समधल्या रुथिन येथे मेहेरबाईंचा मृत्यू झाला. वय एक्कावन्न. मूलबाळ नव्हते. लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांना ठेवले गेले.

दोराबजी तेव्हा सत्तरी ओलांडलेले. बायकोच्या नावाने एखादी इमारत बांधून किंवा पुतळा उभारून ते थांबू शकले असते. त्यांनी पैसे ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी बाजूला काढले. 1932 सालच्या एप्रिलमध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन झाला. उत्पन्नाचा मोठा हिस्सा, पाचपैकी चार भाग, जगातल्या कोणत्याही देशात रक्ताच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संशोधकांसाठी आणि उरलेला एक भाग माणसाचे आजारपणातले हाल कमी करणाऱ्या भारतातल्या संशोधनासाठी, अशी त्याची वाटणी. ज्या आजाराचे नावही लोकांना माहीत नव्हते आणि ज्यात डॉक्टरांनी हात टेकले होते, त्या एका आजारासाठी त्या काळात स्वतंत्र निधी उभारणे ही साधी गोष्ट नव्हती. शिवाय संशोधक कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा, हे पाहायचे नाही. पारतंत्र्यातल्या देशातून निघालेला पैसा युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना जाऊ लागला.

त्याच वर्षी दोराबजींनी आपली बाकीची संपत्तीही दुसऱ्या ट्रस्टला दिली, तोच सर दोराबजी टाटा ट्रस्ट. मग पत्नीच्या पहिल्या वर्षश्राद्धाला कबरीवर जायचे म्हणून ते निघाले आणि वाटेत जर्मनीत, बाड किसिंगेन येथे, 3 जून 1932 रोजी वारले. पंधरा दिवस आधी. ब्रुकवुडला मेहेरबाईंच्या शेजारीच त्यांना जागा मिळाली. पुढे ज्युबिली हिरा विकला गेला आणि ते पैसे ट्रस्टच्या कामी आले. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्ट आपल्या शिष्यवृत्त्या जाहीर करी, त्या 18 जूनच्या सुमारास.

परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल हे दोराबजी ट्रस्टचे काम. 28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईचे गव्हर्नर रॉजर लमली यांच्या हस्ते ते सुरू झाले, तेव्हा 80 खाटा होत्या. 1957 साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 साली अणुऊर्जा खात्याकडे त्याचा कारभार गेला. कॅन्सरचे हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे का, असे आजही अनेकांना कोडे पडते. किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात, त्याचा अणुविज्ञानाशी थेट संबंध हे त्याचे उत्तर आहे. त्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख होमी भाभा होते. होमींचे वडील जहांगीर हे मेहेरबाईंचे भाऊ, म्हणजे होमी मेहेरबाईंचे भाचे. आत्याच्या आठवणीतून उभे राहिलेले हॉस्पिटल तीस वर्षांनी भाच्याच्या खात्याकडे आले.

मेहेरबाई गेल्या त्यानंतर सोळा वर्षांनी ल्युकेमियाच्या बाबतीत पहिल्यांदा काही हलले. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी 1947 साली अमिनोप्टेरिन नावाचे औषध ल्युकेमिया झालेल्या मुलांना देऊन पाहिले. पेशींना वाढायला फोलिक अॅसिड लागते, हे औषध त्यात खोडा घालते. हे औषध त्यांना ज्या प्रयोगशाळेतून मिळाले तिथे संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. 1948 साली फार्बर यांनी 16 मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या 10 मुलांचा आजार काही काळ ओसरला. तो उलटून आला आणि ती मुले गेली, पण हा आजार मागे हटू शकतो हे दिसले होते. पुढची वीस-पंचवीस वर्षे एकामागून एक औषधे सापडत गेली. ती एकत्र देण्याच्या पद्धती ठरल्या. मेंदूत लपून बसणाऱ्या पेशींसाठी डोक्याला शेक देणे सुरू झाले. श्रीमंत देशांत आज लहान मुलांच्या सर्वांत नेहमीच्या ल्युकेमियातून दहांपैकी नऊ मुले वाचतात. भारतात 1980च्या दशकात मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या मोठ्या केंद्रांत एमसीपी-841 नावाची उपचारपद्धती वापरली जाऊ लागली आणि आपल्याकडची मुलेही मोठ्या संख्येने बरी होऊ लागली.

गंमत म्हणजे मेहेरबाईंच्या वेळचा सोमलही परत आला. आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे त्याचेच रूप, चिनी डॉक्टरांनी पुन्हा वापरात आणलेले. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या एका प्रकारात ते इतके परिणामकारक आहे, की एके काळी काही दिवसांत जीव घेणारा हा प्रकार आता सर्वांत चांगला बरा होणाऱ्यांत गणला जातो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे तर रोजच्या गोळीवर भागते. या गोळीवर असलेली माणसे शेतात जातात, दुकानात बसतात, नातवंडांना शाळेत सोडतात.

मग प्रश्न वेगळाच उभा राहिला. वाचलेल्यांचे पुढे काय? पाच-सहा वर्षांचे मूल बरे होते, तेव्हा त्याच्यापुढे पन्नास-साठ वर्षे असतात. मेहेरबाईंच्या पिढीतल्या डॉक्टरांना हा प्रश्न पडण्याची संधीच नव्हती. पेशंट बरा झाला, फाईल बंद केली, अशी पद्धत नंतरही बराच काळ होती. अमेरिकेत 1994 साली लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या हजारो लोकांचा मागोवा घेणारा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातले सुमारे 10,400 जण मोठेपणी कसे आहेत हे 2006 साली प्रसिद्ध झाले. 62 टक्के लोकांना काही ना काही जुनाट तक्रार होती आणि चौघांपैकी एकाहून अधिक जणांची तक्रार गंभीर होती. कॅन्सर परतला नव्हता. ज्या उपचारांनी जीव वाचला त्यांचीच ही मागे राहिलेली खूण होती.

डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन ही ल्युकेमियात वापरली जाणारी प्रभावी औषधे आहेत, पण हृदयाच्या स्नायूला ती झीज लावतात आणि ती झीज दहा-वीस वर्षांनी दिसू शकते. मोठ्या आवाजातली टिकली तरी तिची दखल घ्यावी असा हा प्रकार नाही, सुरुवातीला कसलाच त्रास होत नाही. डोक्याच्या शेकाचा परिणाम वाढीवर, अभ्यासातल्या एकाग्रतेवर आणि गणितासारख्या विषयांवर होतो असे दिसल्यावर आता बहुतेक मुलांना पाठीच्या मणक्यातून औषध देऊन शेक टाळला जातो. बऱ्या झालेल्यांवर संशोधन झाले नसते तर हा बदल झाला नसता. स्टेरॉइडमुळे काहींच्या खुब्याचे हाड कमकुवत होते. मूल होण्याच्या क्षमतेवर काही औषधांचा परिणाम होतो. आपल्याकडे आणखी एक भर होती. रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सी विषाणूची तपासणी सक्तीची होण्यापूर्वी ज्या मुलांना वारंवार रक्त चढवावे लागले, त्यांच्यापैकी काहींना यकृताचा संसर्ग झाला.

टाटा मेमोरियलमध्ये 1991 साली उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळे बाह्यरुग्ण केंद्र सुरू झाले. अॅक्ट क्लिनिक हे त्याचे नाव. भारतात अशा कामाची सुरुवात करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. बरी झालेली मुले वर्षातून एकदा येतात, उंची-वजन, हृदय, थायरॉइड, यकृत तपासले जाते, शाळेत कसे चालले आहे, नोकरी मिळाली का, लग्नाचे काय, हेही विचारले जाते. पुढे इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने 2009 साली बऱ्या झालेल्या तरुणांनीच उगम नावाचा गट उभा केला. आजारातून उठलेला मुलगा नव्या पेशंटच्या आईशेजारी बसून बोलतो, तेव्हा डॉक्टरांच्या तासभर समजावण्याने होत नाही ते होते.

यातला मुलींचा भाग जास्त अवघड आहे. भारतातल्या कॅन्सर हॉस्पिटलांत दाखल होणाऱ्या मुलांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा बरीच जास्त असते. जैविक फरकाने एवढी तफावत पूर्णपणे समजावून सांगता येत नाही. काही मुलींना उपचारापर्यंत आणलेच जात नाही, हे उघड आहे. ज्या बऱ्या होतात त्यांच्या घरी लग्न जमेपर्यंत आजाराचे नाव काढायचे नाही असा दंडक असतो. मग वार्षिक तपासणीला जाणेही थांबते, कारण मुंबईला कशाला गेलात असे कोणी विचारील. लग्नानंतर बाळंतपणात हृदयावर ताण येतो, आणि प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना लहानपणी कोणती औषधे झाली होती याचा पत्ता नसतो. धोका इथे आहे. लहान वयातल्या लग्नाविरुद्ध बोलणाऱ्या मेहेरबाईंना हा पेच अनोळखी वाटला नसता.

जालन्यातल्या कुटुंबासाठी अंतर हीदेखील अडचण आहे. मुंबई रेल्वेने रात्रभराचा किंवा दिवसभराचा प्रवास, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाही तर खर्च वाढतो. कापूस वेचणीच्या किंवा ऊसतोडीच्या हंगामात तारीख आली तर ती चुकते. उपचार चालू असताना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखा आधार मिळतो, पण बरे झाल्यानंतर दरवर्षी जायला माणूस तयार होत नाही, कारण दुखत तर काहीच नसते. साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय झाल्यापासून निदान आणि उपचारासाठीची मुंबईची फेरी बऱ्याच जणांची वाचली आहे. नेहमीच्या पाठपुराव्यातल्या हृदयाची इको, थायरॉइड, रक्त यांसारख्या तपासण्या जालना शहरातही होतात. अडते ते कोणती तपासणी कोणाला आणि किती वर्षांनी हवी हे ठरवण्यापाशी, आणि ते जुन्या कागदांशिवाय ठरत नाही.

म्हणून उपचार संपताना डॉक्टरांकडून एक पानाचा गोषवारा मागून घ्यावा : आजाराचे नेमके नाव, निदानाचे वर्ष, दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव आणि एकूण मात्रा, शेक दिला असल्यास शरीराचा भाग आणि एकूण मात्रा, झालेली शस्त्रक्रिया, रक्त चढवले असल्यास त्याची नोंद. त्याच्या दोन-तीन झेरॉक्स काढून एक घरी, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावी. मूल तेव्हा लहान असते, म्हणून ते बारा-चौदा वर्षांचे झाल्यावर त्याला काय झाले होते हे आईवडिलांनी स्वतः सांगावे आणि कागद कुठे ठेवले आहेत हेही दाखवावे. मुलगी असेल तर लग्नानंतर हा कागद तिच्याबरोबर सासरी जायला हवा, आणि दिवस राहिल्यावर पहिल्याच तपासणीत तो डॉक्टरांपुढे ठेवायला हवा.